लाइनीतलं गाठोडं

त्यानं दुपटं दोन बोटांच्या चिमटीत धरून वर उचललं आणि विचारलं, "ये क्या है? चिंधी?"

मागे कोणीतरी हसलं.

चिंधी नव्हती ती. अम्मीच्या जुन्या साडीचं दुपटं होतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, चारही बाजूंनी हातानं शिवलेलं. आमच्याकडे तान्ह्या बाळाला नव्या कापडात गुंडाळत नाहीत, नवं कापड टोचतं. आजीच्या अंगावरची साडीच बाळाला लागते. अशी चौदा दुपटी अम्मीनं शिवली होती, एका डोळ्यात मोतीबिंदू असताना, दोन महिने, वणीच्या घरात खिडकीपाशी बसून. वर्दीवाल्यानं ती एकेक काढली आणि विमानतळाच्या चकचकीत फरशीवर टाकली. तळाला मेथीच्या लाडवांचा डबा होता. तोही उघडला, वास घेतला, तोंड वाकडं केलं.

"तेरा ही बैग है?"

बॅग नव्हती ती, गाठोडं होतं. पण तेवढंही मी बोललो नाही. "हमारा है साहब," म्हणालो आणि हात जोडले. हो, जोडले. आज लिहिताना मला त्या वर्दीवाल्यापेक्षा स्वतःच्या त्या जोडलेल्या हातांची चीड जास्त येते.

मी वणीचा. कोळशाच्या गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करतो. खाणीतून चंद्रपूरकडे ट्रका जातात, टिप्पर जातात, चढाला तापतात, गळतात, आणि माझ्या दुकानासमोर येऊन उभ्या राहतात. मी रेडिएटर उतरवतो, नळ्या साफ करतो, गळकी जागा बुजवायला कथलाची झाळ लावतो. बापाचा धंदा होता, माझ्याकडे आला. गावात मला नावानं कोणी हाक मारत नाही. सगळे मिस्त्री म्हणतात.

माझी एकच बहीण, नसीम. तिचा नवरा आखातात एका गॅरेजात फोरमन आहे. लग्नानंतर सहा वर्षांत तिची दोन लेकरं पोटातच गेली. तिसऱ्या वेळी डॉक्टरनी दिवस ठरवून दिला. ऑपरेशन करून बाळ काढायचं, धोका आहे, म्हणाले. नसीमनं फोनवर अम्मीला एकच गोष्ट सांगितली, "अम्मी, मले आत नेतील तवा तू दारात पायजे. बाकी काई नको."

बस. एवढंच होतं. पोरीला आत नेताना आईनं दारात उभं राहायचं होतं. त्याच्यासाठी आम्ही पासपोर्ट काढले, व्हिसा काढला, सत्तरीच्या, शुगर असलेल्या, गुडघे गेलेल्या म्हातारीला घेऊन मी ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचं दुपारचं विमान पकडायला निघालो. विमानतळाचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक म्हणतात, तिथं तसंच आहे, दुसरीकडून जायचं होतं.

आम्ही पाच तास आधी पोचलो. गावाकडची माणसं, आम्हाला उशिराची भीती असते. सामान घेणारी खिडकी तासाभरानं उघडली. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगितली होती. तिकिटावर तसं छापलेलंही होतं. सामान घेणाऱ्या पोरीनं मान वर न करता सांगितलं, "थांबा, येईल." पाऊण तास थांबलो. तीन खुर्च्या समोरून गेल्या. एकीवर एक धडधाकट बाई बसली होती आणि फोनवर बोलत होती. शेवटी अम्मीच म्हणाली, "चाल रे बाप्पा. मले काय पाय नाईत?"

मग पासपोर्टाची लाइन.

मी आयुष्यभर लाइनी पाहिल्या आहेत. रेशनच्या, रॉकेलच्या, आधार कार्डाच्या, दवाखान्याच्या. पण अशी लाइन पाहिली नव्हती. पट्ट्या बांधून वाटा केलेल्या. दहा पावलं इकडे जायचं, वळायचं, दहा पावलं तिकडे. घाण्याला जुंपलेल्या बैलासारखं. पुढे बारा खिडक्या, त्यातल्या चार चालू. आठ खिडक्यांमागे रिकाम्या खुर्च्या. एका खुर्चीच्या पाठीवर कोणाचा तरी कोट लटकत होता, म्हणजे माणूस होता, चहाला गेला होता. हजारभर माणसं पायावर पाय बदलत उभी. आणि अगदी डाव्या हाताला लाल पट्टीची एक वाट, सरळ, मोकळी, तिच्या टोकाला एक खिडकी. तिथला साहेब नखं पाहत बसला होता.

अम्मीनं लाइन पाहिली आणि नेहमीचं वाक्य बोलली, "नजर खाली, नंबर पक्का."

हे मी तिच्या तोंडून लहानपणापासून ऐकतोय. आमच्या मोहल्ल्यात उन्हाळ्यात टँकर यायचा. पहाटेपासून पाण्याचे गुंड, म्हणजे पितळी हंडे, लाइनीत लागायचे. माणूस उभा राहत नसे, कोण राहील त्या उन्हात. गुंड ठेवायचा आणि घरी जायचं. ज्याच्याकडे गुंड नाही तो डबा ठेवायचा, डबा नाही तो वीट ठेवायचा. विटेलाही नंबर होता. टँकर आला की वीट उचलून कोणी फेकत नसे. भांडणं व्हायची, एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बायका, पण ठेवलेल्या वस्तूचा नंबर कोणी खात नसे. अम्मीचा त्या गोष्टीवर कुराणाइतका विश्वास. आपण गुमान राहिलो, कोणाकडे डोळे वर करून पाहिलं नाही, तर आपला नंबर आपल्याला मिळणार.

दीड तास गेला. आम्ही निम्म्यात आलो. तेवढ्यात अम्मीनं माझी बाही ओढली.

"मले जाऊन यावं लागते."

"थोडं थांब ना अम्मी."

"सकाळपासून पाणी नाई पेली मी. तरी नाई थांबून राह्यलं."

पाणी नाही प्यायली. शुगरची बाई. कशाला, तर लाइनीत त्रास नको. हे तिनं मला तेव्हा सांगितलं.

मी पट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या वर्दीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, बाथरूम मागे आहे, लाइन सोडली तर पुन्हा शेवटी लागायचं. मी म्हटलं, साहब, बुढी औरत है, दो मिनट. तो दुसरीकडे पाहू लागला. हे एक मी पाहून ठेवलंय. वर्दीतली आणि खुर्चीवरची माणसं नाही म्हणत नाहीत. दुसरीकडे पाहतात.

आणि मग अम्मीनं वणीची माणसं करतील तेच केलं. गाठोडं आमच्या जागेवर ठेवलं. नीट, गाठ वर करून. मागे एक चष्मेवाला माणूस होता, पाठीवर लॅपटॉपची बॅग. अम्मी त्याला म्हणाली, "भाऊ, एवढं पाह्यजा. आमचा नंबर हाय." त्यानं मान हलवली. होकाराची होती की कशाची, देव जाणे. मला तेव्हा त्यात काहीच चुकीचं वाटलं नाही. मीच तिला म्हटलं, चल लवकर. पट्ट्या उचलत, लोकांची माफी मागत, तिचा हात धरून मी तिला बाहेर काढलं, एकटीनं चालणं तिला झेपत नव्हतं.

वीस पावलंही गेलो नसू. शिट्टी वाजली.

"ये किसका है? हटो, हटो सब!"

मागे वळून पाहिलं तर आमच्या गाठोड्याभोवती मोकळं रिंगण झालेलं. माणसं मागे सरकत होती. चष्मेवाला हात वर करून सांगत होता, "नॉट माइन, नॉट माइन." गाठोड्याकडे बोट दाखवून मग त्यानं आमच्याकडे बोट दाखवलं. अम्मीनं साडीवरून डोक्यावर घेतलेल्या ओढणीकडे. माझ्या दाढीकडे.

दोन वर्दीवाले धावत आले. एकानं मला दंडाला धरलं. दुसऱ्यानं पासपोर्ट मागितले. नाव वाचलं, आणि त्याचा आवाज बदलला. हे मी बनवून सांगत नाही. ज्यांचं नाव माझ्यासारखं आहे त्यांना तो बदललेला आवाज ओळखू येतो. आधी तो "आप" म्हणत होता. नाव वाचल्यावर "तू" झालो.

"क्या रखा इसमें? क्यों छोड़ा?"

"नंबर लगाया था साहब."

"क्या लगाया था?"

"नंबर. हमारे यहाँ ऐसा..."

"ये तेरा गाँव है क्या?"

मग मी वर जे सांगितलं ते झालं. दुपटी निघाली, फरशीवर पडली. डबा निघाला. काही सापडलं नाही तेव्हा त्याला आनंद झाला नाही, उलट रागच आला. बुटानं दुपटी एका जागी सारली आणि म्हणाला, "उठाओ. पीछे जाओ. लाइन के आखिर में."

मी म्हणालो, साहब, हमारा नंबर वहाँ था. तो म्हणाला, था.

बाथरूमला जायचं राहूनच गेलं. मी तिला विचारलंही, अम्मी, आधी जाऊन घे. ती शेवटच्या माणसाकडे पाहत होती. त्याच्यामागे माणसं येऊन लागतच होती, लाइन वाढतच होती. "नको. पह्यले नंबर लाव," म्हणाली. गाठोडं छातीशी घट्ट धरलं होतं. आता ते जमिनीवर ठेवायला ती तयार नव्हती.

आम्ही शेवटी लागलो. विमानाला दीड तास उरला होता.

अर्ध्या तासानं मला बंडूशेठ दिसला.

बंडूशेठ आमच्या वणीचाच. अठरा टिप्परांचा मालक, कोळसा वाहतो. बायको, दोन मुलं, चाकांच्या चार चकचकीत बॅगा. पुढे कोटवाली एक पोरगी, हातात पाटी, पाटीवर त्याचं नाव. लाल पट्टीच्या मोकळ्या वाटेकडे ती त्यांना नेत होती. फिरायला चालले होते. आमच्याच विमानानं.

आता हेही सांगतो, कारण अर्धं सांगितलं तर ते खोटं होईल. बंडूशेठच्या अठराच्या अठरा गाड्या माझ्याकडे येतात. आणि माझ्या दुकानात त्याच्या गाडीला कधीच नंबर नसतो. दारात दहा गाड्या उभ्या असोत, शेठचा ड्रायव्हर आला की मी हातातलं काम खाली ठेवतो. बाप तेच करायचा. गेल्या साली दारव्ह्याचा एक टेम्पोवाला दोन दिवस माझ्या दारात बसला होता. टेम्पोत टमाटे होते, चंद्रपूरच्या बाजाराला चाललेले. शेठचे तीन टिप्पर पाठोपाठ आले. टेम्पोवाला पोत्यावर बसून राहायचा आणि मी जवळून गेलो की अर्धवट उठायचा. दुसऱ्या दिवशी टमाट्यांचं पाणी टेम्पोतून गळायला लागलं. मी त्याच्याकडे पाहत नव्हतो. दुसरीकडे पाहत होतो.

तर मी शेठला हाक मारली. त्यानं पाहिलं. आधी ओळख पटली नाही, किंवा पटवायची नव्हती. मग म्हणाला, "अरे मिस्त्री! तू इथं कायले?"

मी सगळं सांगितलं. भराभर. नसीमचं ऑपरेशन, अम्मीची तब्येत, विमानाची वेळ. "शेठ, मले नका नेऊ. मी मागून येतो. अम्मीले तेवढं तुमच्या संगं घ्या. आई हाय म्हणून सांगून द्या."

अम्मीनं त्याच्यापुढे हात पसरला नाही, पण मान लववली. तिनं त्या माणसाला आमच्या घरचा शीरखुर्मा खाऊ घातलाय, दर ईदला.

बंडूशेठनं कोटवाल्या पोरीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. बायको अम्मीच्या गाठोड्याकडे पाहत होती. मग तो मोठ्यानं, समजावणीच्या सुरात बोलला, "मिस्त्री, हे काय आपलं वणी आहे का? इथं सिस्टीम असते. लाइनीत या. होते बरोबर."

आणि निघाला. जाता जाता पोरीला सांगितलेलं मला ऐकू आलं. "गाडीचं काम करतो आपल्याकडे."

नखं पाहणाऱ्या साहेबानं उठून त्याचे पासपोर्ट घेतले. चौघांचे शिक्के झाले. मुलगा मागे वळून आमच्याकडे पाहत होता, आईनं त्याची मान पुढे वळवली.

मी अम्मीकडे वळलो तेव्हा ती खाली पाहत होती. मला वाटलं, नेहमीसारखी नजर खाली. मग मला फरशी दिसली.

तिच्या चपलांभोवती ओलं झालं होतं. साडीचा काठ भिजला होता. पाणी हळूहळू पुढच्या माणसाच्या बॅगेच्या चाकापर्यंत गेलं. तो माणूस ओरडून बाजूला झाला. एका बाईनं नाकाला रुमाल लावला. "कहाँ कहाँ से आ जाते हैं," कोणीतरी म्हणालं. आणि एका पोरानं, चांगल्या घरच्या, कॉलेजातल्या, फोन वर केला आणि शूटिंग घ्यायला लागला.

अम्मीचे गुडघे वाकत नाहीत, नमाजही ती खुर्चीवर पढते. ती तिथं एका हातानं पट्टीचा खांब धरून खाली बसली. गाठोड्याची गाठ सोडली. एक दुपटं काढलं. आणि फरशी पुसायला लागली.

नसीमच्या बाळाचं दुपटं. जे बाळ अजून जन्मलंही नव्हतं, त्याचं.

एक भिजलं, दुसरं काढलं. पुसताना ती लोकांना म्हणत होती, "माफी असू द्या बाप्पा. माफी असू द्या." ज्यांनी तिला जाऊ दिलं नाही त्यांची ती माफी मागत होती. माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. तुटलं म्हणतो, पण खरं तर काहीतरी लख्ख झालं. चाळीस वर्षं मला वाटत होतं की नजर खाली ठेवली की नंबर मिळतो. त्या फरशीवर मला कळलं की आपण नजर खाली ठेवतो म्हणूनच त्यांना आपला नंबर खाता येतो. आपल्याला दिसतच नाही ना कोण पुढे गेलं ते.

मी खाली वाकलो. तिच्या हातातलं दुपटं घेतलं. "उठ अम्मी."

"पुसू दे. लोकाईचे पाय..."

"नाई पुसायचं. ज्याईनं केलं त्याईले पुसू दे."

तिला उठवलं. पट्टी हातानं वर केली. एक, दोन, तीन, सगळ्या पट्ट्या वर करत, तिला घेऊन सरळ त्या लाल पट्टीच्या खिडकीवर गेलो. ओलं दुपटं माझ्या मुठीत होतं. शिट्टी वाजली. मी थांबलो नाही. दोन्ही पासपोर्ट खिडकीच्या दगडावर ठेवले.

साहेब म्हणाला, "ये लाइन आपकी नहीं है."

मी मराठीत बोललो. मुद्दाम. आतापर्यंत त्यांच्या हिंदीत हात जोडत होतो. "ही खिडकी सरकारची आहे. आत्ता ज्याचे चार शिक्के मारले, त्याच्या पासपोर्टावर जे सिंह आहेत तेच माझ्या पासपोर्टावर आहेत. शिक्का मारा."

"पीछे जाइए. वरना अंदर करवा दूँगा."

"करा. पण आधी एक कागद घ्या आणि लिहा. या बाईला बाथरूमला जाऊ दिलं नाही. हिची खुर्ची दुसऱ्याला दिली. हिनं लाइनीत लघवी केली आणि स्वतः पुसली. खाली सही करा. मग मला आत टाका."

मी काही शूर माणूस नाही, पोलीस दिसला की मी गाडीचा वेग कमी करतो. पण त्या क्षणी मी त्या साहेबाच्या डोळ्यांत पाहत होतो आणि आधी डोळे त्यानंच फिरवले.

वर्दीवाले आले. एकानं खांद्यावर हात ठेवला. मी खिडकीच्या दगडाला दोन्ही हातांनी धरलं. मागे बघतो तर त्या कॉलेजच्या पोराचा फोन अजून वरच. आणखी पाच-सहा फोन वर आले होते. अम्मीला हसायला निघालेले फोन आता साहेबाकडे वळले होते. तेव्हा कुठून तरी मोठा साहेब आला. त्यानं फोन पाहिले, मग आम्हाला पाहिलं. याच क्रमानं. खिडकीवाल्याला हळूच म्हणाला, "कर दो यार."

दोन शिक्के. मोजून दोन मिनिटं. जे दोन तासांत होत नव्हतं ते दोन मिनिटांत झालं. म्हणजे होऊ शकत होतं. सुरुवातीपासून होऊ शकत होतं.

तुम्हाला वाटत असेल आता विमान मिळालं. नाही मिळालं. अम्मीला आधी बाथरूमला नेलं, माझ्या हातातल्या पिशवीतली दुसरी साडी नेसायला लावली. त्या ओल्या साडीत मी तिला एक पाऊलही पुढे नेणार नव्हतो. मग सामान तपासायची आणखी एक लाइन. गेटवर पोचलो तेव्हा दार बंद झालं होतं. काचेतून विमान दिसत होतं. बंडूशेठ त्यात बसला होता.

आणि मग नियम समजला. विमान चुकलं की पासपोर्टावरचा शिक्का रद्द करून घ्यावा लागतो. त्याच हॉलमध्ये. तोच साहेब. त्यानं आडवा शिक्का मारला, रद्द. या वेळी लगेच मारला, अजिबात वाट पाहायला लावली नाही. बाहेर घालवायला लाइन नसते.

दुसऱ्या दिवशीचं विमान मिळालं. पुन्हा तीच लाइन, तेच वळण. पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. नसीमला सकाळीच आत नेलं होतं. तिचा नवरा सांगत होता, स्ट्रेचरवरून ती दाराकडेच बघत होती, दार लागेपर्यंत विचारत होती, "अम्मी आली का?" मुलगी झाली, ती सुखरूप आहे. नसीमही ठीक आहे. पण ते दार लागलं तेव्हा अम्मी तिथं नव्हती. ते आता कोणी भरून देऊ शकत नाही.

अम्मीनं नसीमला बारा दुपटी दिली. दोन कुठं गेली, सांगितलं नाही. मला कसम घातली, कोणाला सांगायचं नाही म्हणून.

परत आल्यावर मी तक्रार पाठवली. उत्तर आलं, तुमच्या सूचनेबद्दल आभार. सूचना म्हणे. पुन्हा पाठवली आहे. पाठवत राहणार आहे, ते कंटाळेपर्यंत, आणि त्यानंतरही.

हे लिहायला बसलो तेव्हा अम्मीला विचारलं. कसम तिचीच होती, सोडवणार तीच. तिनं सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाली, "लिह्य. मी पुसलं थे बी लिह्य. आन् हे बी लिह्य का मीच तुले चुकीचं शिकवलं."

मी म्हटलं, "तुवं काय चुकलं?"

"नजर खाली ठेव म्हनलं ना मी. जनमभर."

आता माझ्या दुकानात भिंतीला एक लांब फळी ठोकली आहे. गाडी आली की ड्रायव्हरनं रेडिएटरचं झाकण काढायचं आणि फळीवर ठेवायचं, आधीच्या झाकणाच्या मागे. ज्याचं झाकण पहिलं, त्याची गाडी पहिली. ड्रायव्हर मग चहाला जावो, घरी जावो, झोपो. झाकण त्याची जागा राखतं. वणीत वस्तूला नंबर असतो. तो इथंच राहील, आणि मी तो राखीन.

गेल्या आठवड्यात शेठचा टिप्पर आला. फळीवर सहा झाकणं होती. पहिलं एका भंगारवाल्याच्या तीनचाकीचं. शेठच्या ड्रायव्हरनं नेहमीच्या सवयीनं आपलं झाकण त्या सगळ्यांच्या आधी ठेवलं. मी ते उचललं आणि टोकाला, सातवं, ठेवलं.

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. "मिस्त्री, शेठची गाडी हाय."

"दिसून राह्यलं मले. नंबर सातवा हाय."

दहा मिनिटांत शेठचा फोन. "काय मिस्त्री? विमानात काय बसले, लय मोठे झाले का?"

मी स्पीकरवर ठेवला. सहाही गाड्यांचे ड्रायव्हर ऐकत होते. भंगारवाला पोत्यावरून उठून उभा राहिला होता.

"शेठ," मी म्हटलं, "इथं सिस्टीम असते. लाइनीत या."

अठराच्या अठरा टिप्पर आता दुसरीकडे जातात. जाऊ द्या. दारव्ह्याच्या त्या टेम्पोवाल्याचं नाव मला माहीत नाही, त्याची माफी कुठं जाऊन मागू? तेवढं ओझं माझ्याकडे राहणार आणि राहिलंच पाहिजे. पण या फळीवर कोणाचं झाकण मागे सरकणार नाही. आणि मी पुन्हा कुठल्याही खिडकीसमोर उभा राहीन, तेव्हा हात खिडकीच्या दगडावर असतील. जोडलेले नसतील.